पॅकेज टूलची हेल्प वाचताना: एकाच कामाची चार नावं दिसली तर काय करायचं

फ्लॅटपॅक हे लिनक्सवर ॲप बसवायचं आणि काढायचं टूल. त्याची हेल्प उघडा आणि तिच्यात फक्त ‘काढून टाकणे’ या अर्थाच्या कमांड शोधा. ॲप काढायचं असेल तर ‘अनइन्स्टॉल’. ॲप जिथून आणलं ते रिमोट काढायचं असेल तर ‘रिमोट-डिलीट’. परवानग्यांच्या साठ्यातली नोंद काढायची तर ‘परमिशन-रिमूव्ह’. ॲपला दिलेली फाइल परत घ्यायची तर ‘डॉक्युमेंट-अनएक्स्पोर्ट’. टूल एक, हेल्प एक, आणि काढण्यासाठी क्रियापदं चार.

हा फ्लॅटपॅकचाच दोष आहे असं नाही. ॲप्ट, डीएनएफ, स्नॅप, पिप, एनपीएम, होमब्रू या पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचा एकेक गठ्ठा) बसवणाऱ्या टूलपैकी कोणाचीही हेल्प थोडा वेळ न्याहाळली तर असेच नमुने सापडतात. ही यादी कुणी एका बैठकीत बसून ठरवलेली नसते. एक कमांड पहिल्या वर्षी आली, दुसरी पाच वर्षांनी वेगळ्याच माणसाने जोडली, तिसरीचं नाव बदललं पण जुनं नाव कुणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये अडकलेलं म्हणून तेही राहिलं. त्यामुळे नवख्याने नावं पाठ करण्याच्या मागे लागू नये. हेल्प वाचण्याची एक पद्धत बसवून घ्यावी, म्हणजे नवीन टूल समोर आलं तरी तीच कामी येते. खाली ती पद्धत पायरीपायरीने दिली आहे.

एक खुलासा आधीच. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, आणि सगळ्या स्मॉल अक्षरांत. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: हातात कोणतं टूल आहे ते आधी पक्कं करा

हे वरवर बावळटपणाचं वाटतं, पण निम्मा गोंधळ इथेच असतो. तुम्ही जे नाव टाइप करता त्यामागे भलतंच टूल असू शकतं. फेडोरावर ‘यम’ लिहिलं तरी काम डीएनएफ करतं, आणि फेडोरा ४१ पासून ‘डीएनएफ’ लिहिलं की चालतं ते डीएनएफ ५. लिनक्स मिंटवर ‘ॲप्ट’ या नावाने मिंटची स्वतःची रॅपर स्क्रिप्ट (मूळ टूलला आतून बोलावणारी) असते, त्यामुळे तिच्या हेल्पमध्ये डेबियनच्या ॲप्टमध्ये नसलेल्या कमांड दिसतात. मग इंटरनेटवरच्या सूचना आणि तुमच्या पडद्यावरची हेल्प जुळत नाहीत, आणि दोन्ही बरोबर असतात.

शेलमध्ये ‘टाइप’ नावाचीच एक कमांड असते. तिच्यापुढे टूलचं नाव द्या. ते नाव म्हणजे अलियास (पर्यायी नाव) आहे, शेलचं फंक्शन आहे की डिस्कवरची फाइल आहे, आणि फाइल असेल तर कुठली, हे ती सांगते. पायथनवाल्यांनी नुसतं ‘पिप’ न लिहिता ‘पायथन -एम पिप’ लिहायची सवय लावावी. त्यामुळे कोणत्या पायथनचं पिप चालतंय हा प्रश्नच उरत नाही.

मग आवृत्ती बघा, आणि त्यासाठी ‘--व्हर्शन’ असं पूर्ण लिहा. एका अक्षराच्या ऑप्शनवर भरवसा ठेवू नका. ‘-व्ही’ दिलं की एनपीएम आवृत्ती सांगतं. पिपला तेच दिलं तर त्याचा अर्थ ‘जास्त तपशील छाप’ असा होतो, आवृत्तीसाठी तिथे कॅपिटल व्ही लागतो. आरपीएम या पॅकेज टूलला कॅपिटल व्ही दिला तर ते इन्स्टॉल झालेल्या पॅकेजच्या फाइली मुळाबरहुकूम आहेत का ते तपासायला निघतं. ‘-एच’ची तीच गत: बहुतेक ठिकाणी हेल्प, पण आरपीएममध्ये इन्स्टॉल किती झालं ते दाखवणाऱ्या हॅश चिन्हांची रांग. म्हणून हेल्पसाठीही ‘--हेल्प’ पूर्ण लिहिलेलं बरं.

पायरी २: अर्धी यादी बघून निष्कर्ष काढू नका

पहिल्यांदा जी हेल्प दिसते ती बऱ्याचदा निवडक असते. ॲप्ट ते उघड सांगतं: यादीच्या वर ‘सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कमांड’ असं शीर्षक असतं. स्नॅपची साधी हेल्प कमांडचे गट दाखवते, सगळ्या कमांड थोडक्यात हव्या असतील तर ‘स्नॅप हेल्प --ऑल’. होमब्रूची हेल्प तर मोजकी उदाहरणं देऊन थांबते. पूर्ण यादी ‘ब्रू कमांड्स’ने मिळते. एनपीएममध्ये ‘एनपीएम -एल’.

याशिवाय टूलचं नाव लिहून एक स्पेस द्या आणि टॅब दोनदा दाबा. ऑटो-कम्प्लीशन (अर्धवट कमांड आपोआप पुरी करणारी सोय) बसवलेलं असेल तर कमांडची यादी उमटते. ही यादी आणि हेल्पमधली यादी पुष्कळदा तंतोतंत जुळत नाही, कारण कम्प्लीशनची फाइल बऱ्याच टूलमध्ये वेगळी आणि हाताने लिहिलेली असते. एकीत आहे आणि दुसरीत नाही अशी कमांड दिसली तर तिच्यावर खूण करून ठेवा. ती एकतर लपवलेली जुनी कमांड असते, किंवा नवीन आलेली आणि कुठेतरी नोंदवायची राहून गेलेली.

तिसरी जागा म्हणजे मॅन्युअलची पानं. ॲप्ट आणि डीएनएफ यांची पानं आठव्या विभागात असतात, फ्लॅटपॅकची पहिल्या. मोठ्या टूलमध्ये प्रत्येक सबकमांडचं पान वेगळं असतं, आणि त्याचं नाव टूल व सबकमांड हायफनने जोडून बनतं: ‘मॅन फ्लॅटपॅक-इन्स्टॉल’. प्रत्यक्ष कमांड देताना मात्र मध्ये स्पेस. पान वाचून हायफनसकट कमांड दिली आणि ‘कमांड सापडली नाही’ असं उत्तर आलं, हा नवख्यांचा ठरलेला अनुभव आहे.

हेल्प लांब असेल तर ती ‘लेस’ या पानापानाने दाखवणाऱ्या कमांडकडे पाइप करा, म्हणजे मध्ये उभी रेघ देऊन तिच्याकडे पाठवा. पाइप करूनही पान रिकामं दिसलं तर ते टूल हेल्प एररच्या प्रवाहावर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठी असलेल्या वेगळ्या वाटेवर, छापत असतं. पाइपच्या आधी ‘२>&१’ जोडा, आकडे अर्थातच इंग्रजी.

पायरी ३: चिन्हं

थोडक्यात आवरतो. चौकोनी कंसातलं दिलं नाही तरी चालतं. कोनी कंसातलं किंवा सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेलं म्हणजे तिथे तुमची माहिती घालायची, कंस टाइप करायचे नाहीत. उभी रेघ म्हणजे यातलं एक. तीन टिंबं म्हणजे एकाहून जास्त देता येतात. एवढ्यावर नव्वद टक्के हेल्प वाचता येते.

पायरी ४: यादीचं व्याकरण शोधा

आता खरं काम. कागद घ्या आणि प्रत्येक कमांडचे दोन तुकडे पाडा: काय करायचं, आणि कशावर करायचं. मग बघा की हे दोन तुकडे कोणत्या क्रमाने आणि कशाने जोडले आहेत.

बहुतेक पॅकेज टूलमध्ये चार घडणी दिसतात. नुसतं क्रियापद: इन्स्टॉल, सर्च. नुसतं नाम: रिमोट्स, कनेक्शन्स. आधी नाम मग क्रियापद: रिमोट-ॲड. आधी क्रियापद मग नाम: चेक-अपडेट. एखाद्या टूलने यातली एकच घडण धरून ठेवली असेल तर भाग्य. बहुधा दोन-तीन एकत्र नांदतात.

पुन्हा फ्लॅटपॅककडे जाऊ, कारण त्याच्या गोंधळात एक शिस्त दडलेली आहे. त्याच्या हेल्पमध्ये ‘यादी दाखव’ या कामाच्या कमांड अशा आहेत: ‘लिस्ट’ इन्स्टॉल झालेली ॲप आणि रनटाइम दाखवते. ‘रिमोट्स’ जोडलेली रिमोट दाखवते. ‘डॉक्युमेंट्स’ बाहेर दिलेल्या फाइली दाखवते. ‘परमिशन्स’ परवानग्या. आणि ‘रिमोट-एलएस’ एखाद्या रिमोटमध्ये काय काय उपलब्ध आहे ते. पहिल्या नजरेत यात काहीच सूत्र नाही. कागदावर मांडलं की तीन नियम दिसतात. नुसतं क्रियापद असेल तर ते थेट ॲपवर चालतं. अनेकवचनी नाम एकटं असेल तर ते त्या गोष्टींची यादी देतं. एकवचनी नामाला हायफनने क्रियापद जोडलं असेल तर ते त्या एका गोष्टीवर काहीतरी करतं. म्हणून ‘रिमोट्स’ म्हणजे रिमोटांची यादी, आणि ‘रिमोट-एलएस’ म्हणजे एका रिमोटच्या पोटातली यादी. दोन्ही कमांड पहिल्यांदा बघणारा हमखास उलट समजतो. नियम कळला की गल्लत होत नाही.

मात्र नियम घडणीला लागू झाला, शब्दाला नाही. ‘डिलीट’ कुठे आणि ‘रिमूव्ह’ कुठे हे त्यातून कळत नाही. ते अपवाद म्हणून वेगळे लिहून ठेवायचे, त्यामागे कारण शोधत बसायचं नाही. मला विचाराल तर घडणीतली विसंगती फार त्रास देत नाही, डोळा लवकर सरावतो. क्रियापदाची विसंगती मात्र कायम नडते, कारण ती दर वेळी आठवावी लागते.

स्नॅपमध्ये याहून गमतीचा नमुना आहे. माहितीचा स्नॅपशॉट घ्यायचा तर ‘सेव्ह’, घेतलेले स्नॅपशॉट बघायचे तर ‘सेव्हड’, त्यातला एक पुसायचा तर ‘फरगेट’, परत आणायचा तर ‘रिस्टोअर’, आणि तो शाबूत आहे का ते तपासायचं तर ‘चेक-स्नॅपशॉट’. चार कमांडमध्ये ज्या गोष्टीचं नाव कुठेच येत नाही ती पाचवीत अचानक पूर्ण नावाने उगवते. हेल्पमध्ये ‘स्नॅपशॉट’ हा शब्द शोधणाऱ्याला या पाचांपैकी एकच सापडणार. म्हणून हेल्पमध्ये शोधताना कमांडच्या नावात शोधू नका, शेजारच्या वर्णनाच्या ओळीत शोधा. वर्णन सहसा सरळ शब्दांत असतं.

हायफन की स्पेस हाही प्रश्न इथेच येतो. जुन्या टूलमध्ये जोडशब्द एकसंध असायचा, नव्यांचा कल स्पेस देऊन दोन पातळ्या करण्याकडे आहे. यमच्या काळातलं ‘ग्रुपइन्स्टॉल’ आज ‘ग्रुप इन्स्टॉल’ असं लिहायचं. उलटी दिशाही आहे: होमब्रूमध्ये ‘ब्रू कास्क इन्स्टॉल’ अशी दोन पातळ्यांची कमांड होती, ती २०२० च्या अखेरीस बंद करून ‘ब्रू इन्स्टॉल --कास्क’ असा ऑप्शन आला. जुन्या लेखातली कमांड चालली नाही तर आधी हायफन काढून स्पेस देऊन बघा, मग त्या नावाचा ऑप्शन आहे का ते बघा.

पायरी ५: खरं नाव कोणतं, अलियास कोणता, निवृत्त कोणतं

एकाच कमांडची अनेक नावं असतात. एनपीएमची हौस यात सगळ्यांत दांडगी. ‘इन्स्टॉल’ला ‘आय’, ‘इन’, ‘ॲड’ असे अलियास आहेतच, शिवाय घाईत अक्षरं उलटसुलट पडली तर तेही चालावं म्हणून ‘इस्नटॉल’ अशी चुकीची स्पेलिंगही अलियास म्हणून अधिकृतपणे नोंदवलेली आहेत. काढण्यासाठी ‘अनइन्स्टॉल’, ‘रिमूव्ह’, ‘आरएम’, ‘आर’, ‘यूएन’ आणि ‘अनलिंक’. नवख्याला वाटतं या सहा कमांड आहेत आणि सहांमध्ये काहीतरी सूक्ष्म फरक असणार. फरक काहीही नाही.

ओळखायची सोपी युक्ती अशी: शंका असलेल्या नावापुढे ‘--हेल्प’ द्या आणि वापराची जी पहिली ओळ छापली जाते ती बघा. तुम्ही ‘रिमूव्ह’ लिहिलं आणि ओळीत ‘अनइन्स्टॉल’ छापून आलं तर ‘अनइन्स्टॉल’ हे मूळ नाव. नेहमीच नाही, पण बहुतेक टूलमध्ये हे जमतं.

डीएनएफचं मॅन्युअल याबाबतीत नमुनेदार आहे. डीएनएफ ४ च्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक कमांडखाली अलियास वेगळे आणि कालबाह्य अलियास वेगळे दिलेले असतात. ‘रिमूव्ह’खाली ‘आरएम’ हा अलियास, आणि ‘इरेज’ कालबाह्य. ‘अपग्रेड’खाली ‘अप’ हा अलियास, आणि ‘अपडेट’ कालबाह्य. कालबाह्य म्हणजे आज चालतं, उद्याची हमी नाही. अशी नावं वाचता यावीत, लिहू मात्र नयेत.

काही अलियास हेल्पमध्ये दिसतच नाहीत, ते का? टूल ज्या लायब्ररीवर बांधलं आहे तिच्यावर ते अवलंबून असतं. रस्टमधल्या क्लॅपमध्ये अलियास द्यायच्या दोन तऱ्हा आहेत, एक हेल्पमध्ये दिसणारी आणि एक न दिसणारी. गोमधल्या कोब्रामध्ये कमांडला कालबाह्य म्हटलं की ती यादीतून नाहीशी होते, पण चालवली तर इशारा देऊन चालते. पायथनच्या आर्गपार्समध्ये अलियास मूळ नावापुढे साध्या कंसात छापले जातात. म्हणजे हेल्पमध्ये नाव नाही याचा अर्थ कमांड नाही असा होत नाही.

आणि उलटही खरं: नाव आहे म्हणजे कमांड चालेलच असं नाही. ‘पिप सर्च’ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पायपीआय या पायथन पॅकेजच्या भांडाराने सर्व्हरवरची ती सोय भारामुळे बंद केली, ती कायमची. पिपच्या यादीत मात्र ‘सर्च’ नंतरही राहिलं. चालवलं की एरर येते, आणि नवखा आपल्या इंटरनेटला दोष देतो.

पायरी ६: अपडेट, अपग्रेड, रिफ्रेश

इथे सावकाश वाचा. बाकी नावं चुकली तर एरर येते आणि विषय संपतो. ही नावं चुकली तर कमांड चालते, पण भलतंच काम करते.

दोन कामं वेगळी आहेत हे आधी डोक्यात ठेवा. पहिलं, कोणत्या पॅकेजची कोणती नवी आवृत्ती आली आहे याची यादी ताजी करणं. यात इन्स्टॉल झालेल्या कशालाही हात लागत नाही. दुसरं, पॅकेज खरोखर नव्या आवृत्तीवर नेणं. कोणतं नाव कोणत्या कामाला, हे टूलगणिक बदलतं.

ॲप्टमध्ये ‘अपडेट’ म्हणजे पहिलं काम, ‘अपग्रेड’ म्हणजे दुसरं. होमब्रूमध्येही तसंच, फक्त ‘अपडेट’ होमब्रूला स्वतःलाही ताजं करतं. डीएनएफमध्ये दोन्ही नावं वरच्यांतल्या दुसऱ्या कामाची, यादी ते गरजेप्रमाणे आपली आपण ताजी करतं. फ्लॅटपॅक, एनपीएम आणि विंडोजवरचं विनगेट यांतही दोन्ही नावं एकच. रस्टच्या कार्गोमध्ये ‘अपडेट’ फक्त लॉक फाइलमधल्या (नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमधल्या) आवृत्त्या बदलतं. पिपमध्ये ‘अपग्रेड’ नावाची कमांडच नाही, ‘इन्स्टॉल’ला ‘--अपग्रेड’ हा ऑप्शन द्यावा लागतो.

आणि ‘रिफ्रेश’? ओपनसूसेच्या झिपरमध्ये ‘रिफ्रेश’ म्हणजे रिपॉझिटरीची यादी ताजी करणं, म्हणजे निरुपद्रवी पहिलं काम. स्नॅपमध्ये ‘रिफ्रेश’ म्हणजे पॅकेजच नव्या आवृत्तीवर नेणं. झिपरची सवय असलेला माणूस स्नॅपवर ‘नुसती यादी बघू’ म्हणून ‘रिफ्रेश’ देतो आणि सगळी ॲप बदलून बसतो. स्नॅपमध्ये फक्त बघायचं असेल तर ‘रिफ्रेश --लिस्ट’.

आर्च लिनक्सचं पॅकमन शब्दांऐवजी अक्षरांवर चालतं. कॅपिटल एसनंतरचा स्मॉल वाय यादी ताजी करतो, स्मॉल यू पॅकेज बदलतो. आर्चवर नुसता वाय देऊन एखादंच पॅकेज बसवू नये, कारण अर्धवट अपग्रेड केलेली सिस्टिम तिथे समर्थित नाही. अक्षरांचा आणखी एक चकवा: कॅपिटल एसपुढचा स्मॉल एस म्हणजे शोध, आणि कॅपिटल आरपुढचा तोच स्मॉल एस म्हणजे ‘सोबतची आता न लागणारी डिपेंडन्सीही (त्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेज) काढ’.

ॲप्टच्या घरातही एक बारीक फरक आहे. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ नवीन पॅकेज बसवत नाही. त्यासाठी काही अडलं तर ते पॅकेज जुन्यावरच ठेवतं. ‘ॲप्ट अपग्रेड’ गरज पडली तर नवीन पॅकेज बसवतं. काढत दोन्ही काही नाहीत. काढणंही चालेल असं सांगायचं तर ॲप्ट-गेटमध्ये ‘डिस्ट-अपग्रेड’ आणि ॲप्टमध्ये ‘फुल-अपग्रेड’. ‘डिस्ट-अपग्रेड’ या नावावरून ते सिस्टिमची अख्खी आवृत्ती बदलतं असं वाटतं, पण सोर्सच्या यादीत तुम्ही नवी आवृत्ती घातली नसेल तर तसं काही होत नाही.

नाव तेच राहून अर्थ बदलण्याचीही उदाहरणं आहेत. विंडोजवरच्या चॉकलेटी या टूलमध्ये ‘लिस्ट’ पूर्वी दूरच्या भांडारातली पॅकेज दाखवत असे, आपल्या मशीनवरची बघायला वेगळा ऑप्शन लागे. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून ‘लिस्ट’ फक्त आपल्या मशीनवरची दाखवते आणि बाहेर शोधायला ‘सर्च’. बदल योग्यच होता, बाकी टूलशी त्यामुळे मेळ बसला. पण २०२३ च्या आधीचा कुठलाही लेख वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं.

पायरी ७: काढण्याच्या कमांड आधी कोरड्या चालवा

‘रिमूव्ह’, ‘पर्ज’, ‘ऑटोरिमूव्ह’, ‘क्लीन’, ‘ऑटोक्लीन’. ॲप्टमध्ये पहिल्या तीन इन्स्टॉल झालेली पॅकेज काढतात, शेवटच्या दोन फक्त उतरवून ठेवलेल्या फाइली. ‘रिमूव्ह’ सिस्टिममधल्या सेटिंगच्या फाइली मागे ठेवतं, ‘पर्ज’ त्याही पुसतं. पिपमध्ये मात्र ‘कॅश पर्ज’ म्हणजे कॅश रिकामी करणं, पॅकेजना धक्का नाही. एकच शब्द, एकीकडे निर्धोक आणि एकीकडे परत न फिरणारा.

म्हणून चाचणीचा ऑप्शन आधी शोधा. त्याच्याही नावात एकवाक्यता नाही हे ओघाने आलंच. एनपीएम आणि झिपरमध्ये ‘--ड्राय-रन’. आरपीएममध्ये ‘--टेस्ट’. पॅकमनमध्ये ‘--प्रिंट’. डीएनएफमध्ये ‘--अझ्यूमनो’, मध्ये हायफन नाही. ते सगळा आराखडा दाखवतं आणि प्रश्नाला स्वतःच नकार देऊन थांबतं. ॲप्ट-गेट दिलदार आहे: ‘--सिम्युलेट’, ‘--ड्राय-रन’, ‘--जस्ट-प्रिंट’, ‘--नो-ॲक्ट’, ‘--रिकॉन’ यांपैकी काहीही लिहा, अर्थ एकच.

कोरड्या फेरीत ‘काढली जाणार’ या शीर्षकाखालची नावं एकेक करून वाचा. तुम्ही एकच पॅकेज काढायला सांगितलं आणि यादीत डेस्कटॉपचं नाव दिसलं तर थांबा. आणि ॲप्टमध्ये पॅकेजच्या नावाला शेवटी चिकटून वजाचं चिन्ह आलं तर ‘इन्स्टॉल’ कमांडसुद्धा ते पॅकेज काढते. ‘रिमूव्ह’मध्ये नावाला अधिकचं चिन्ह लावलं तर ते बसवते. ही सोय आहे, दोष नाही, पण कॉपी-पेस्ट करताना शेवटी हायफन चिकटून आला तर सोय महागात पडते.

प्रश्न न विचारता पुढे जाणारा ‘-वाय’ हा ऑप्शन शिकत असेपर्यंत विसरा.

पायरी ८: स्क्रिप्टमध्ये लिहाल ते लांब आणि मूळ नावाने

हाताने टाइप करताना ‘आय’ काय नि ‘आरएम’ काय, चालतं. फाइलमध्ये लिहिताना मात्र मूळ नाव आणि पूर्ण ऑप्शन लिहा. सहा महिन्यांनी ती फाइल वाचणारा माणूस तुम्हीच असण्याची शक्यता जास्त.

ॲप्टच्या बाबतीत स्क्रिप्टमध्ये ‘ॲप्ट-गेट’ आणि ‘ॲप्ट-कॅश’ वापरायचं. ‘ॲप्ट’ ही कमांड २०१४ मध्ये १.० आवृत्तीबरोबर ठळकपणे पुढे आली ती माणसांसाठी, आणि तिचं आउटपुट बदलू शकतं हे ती स्वतःच सांगते: आउटपुट पाइप केलं की ‘स्क्रिप्टमध्ये जपून वापरा’ असा इशारा छापते. पुष्कळ लोक तो इशारा गप्प करायची युक्ती शोधतात. हायफन धरून चार अक्षरं जास्त टाइप करून ‘ॲप्ट-गेट’ लिहिणं त्याहून सोपं आहे.

पायरी ९: विसंगती सापडली तर कळवा, पण कामाचं कळवा

चार-पाच टूलची हेल्प अशी वाचलीत की खरी चूक आणि जुनी सवय यांतला फरक कळायला लागतो. मग एखाद्या टूलमध्ये तुम्हाला ‘लिस्ट-कीज’ आणि शेजारीच नुसतं ‘प्लगिन्स’ दिसेल. हे कळवण्यासारखं आहे. मुक्त टूलमध्ये नवख्याने योगदानाची सुरुवात करायला ही जागा उत्तम, कारण ही गोष्ट जुन्या जाणत्यांच्या नजरेतून सुटलेली असते. त्यांची बोटं सरावलेली असतात.

आधी जुन्या तक्रारींमध्ये शोधा, बंद झालेल्यांतही. कुणीतरी आधी विचारलेलं असतं आणि नकाराचं कारणही तिथेच असतं. नसेल तर लिहा. सिस्टिमची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी असेल तर आउटपुट घेताना कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ जोडा, तिन्ही अक्षरगट कॅपिटल; म्हणजे मूळ संदेश मिळतात आणि शोधणाऱ्याला सापडतात. मजकूर साधारण असा असावा:

“आवृत्ती अमुक. हेल्पमध्ये यादी देणाऱ्या दोन कमांड आहेत: ‘लिस्ट-कीज’ आणि ‘प्लगिन्स’. पहिलीत क्रियापद आहे, दुसरीत नाही. ‘कीज’ लिहून पाहिलं तर ती चालते, पण हेल्पमध्ये नाही. ‘लिस्ट-प्लगिन्स’ लिहिलं तर अनोळखी कमांड अशी एरर येते. सुचवणी: दोन्हींसाठी एकच घडण ठरवावी, दुसरं नाव अलियास म्हणून चालू ठेवावं. कोणती घडण हे तुम्ही ठरवा, बदल करायला मी तयार आहे.”

यात ‘गोंधळ आहे’, ‘वाईट डिझाइन आहे’ असं काही नाही. काय लिहिलं, काय दिसलं, काय अपेक्षित होतं, एवढंच. ‘नाव बदला’ एवढीच मागणी केलीत तर नकार येईल, आणि रास्त येईल, कारण कुठेतरी कुणाची तरी स्वयंचलित बांधणी त्या जुन्या नावावर रोज चालत असते. ‘नवीन नाव जोडा, जुनं चालू द्या, जुनं वापरलं तर इशारा द्या’ ही मागणी मान्य होते. स्नॅपक्राफ्टमध्ये ‘पुश’चं ‘अपलोड’ झालं ते याच वाटेने. इशारा मात्र एररच्या प्रवाहावर छापायला सांगा. मुख्य आउटपुटमध्ये तो मिसळला तर ते वाचणाऱ्या स्क्रिप्ट मोडतात.

आणि ‘ठीक आहे, तूच कर’ असं उत्तर आलं तर नुसतं कमांडचं नाव बदलून भागत नाही. त्या नावाचा अख्ख्या कोडमध्ये शोध घ्या. ते हेल्पच्या मजकुरात असतं, मॅन्युअलच्या पानात असतं, बॅश, झेडशेल आणि फिश यांच्या कम्प्लीशनच्या फाइलींत असतं, दुसऱ्या कमांडच्या एरर संदेशात ‘आधी अमुक चालवा’ असं लिहिलेलं असतं, भाषांतराच्या फाइलींत असतं. हे शेवटचे दोन हमखास राहून जातात. जुन्या नावाची टेस्ट काढू नका. ती तशीच ठेवून नव्या नावासाठी दुसरी जोडा, आणि तिसरी अशी की जुनं नाव वापरलं तर इशारा एररच्याच प्रवाहावर येतो.